देवाची इच्छा आणि लोकरीचा कोट

"डॉक्टर होणार म्हणे! साधा ताप मोजायचा तर मलाच हाक मारतात," स्वयंपाकघरातून बायकोची पुटपुट ऐकू आली. पाळकसाहेबांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

सुवार्तिक ईश्वरविज्ञानात डॉक्टरेट करायची हे ठरलेलं होतं. कुठे, एवढंच अडलं होतं. एक सेमिनरी, म्हणजे पाळकांचं विद्यालय, समुद्रापलीकडची, नावाजलेली. तिथे चार वर्षं राहायचं. दुसरी बसने जाण्याजोगी, संध्याकाळच्या वर्गांची. साहेबांचं मन या दुसऱ्या सेमिनरीत केव्हाच नाव घालून बसलं होतं. पण आपण सोयीलाच देवाची हाक तर म्हणत नाही ना, ही टोचणी जाईना.

"तुला काय वाटतं गं?"

"मी कोण सांगणार? देवाची इच्छा," बायको म्हणाली आणि पातेलं जरा जास्तच जोरात घासू लागली.

मग त्यांनी प्रार्थनासभेत चर्चच्या मंडळीपुढे विषय ठेवला. चुकलं ते इथे. साहेबांना लांबच जायचंय, केवळ आपल्या मायेपायी अडलेत, असं मंडळीने परस्पर ठरवून टाकलं. त्यात तिथली जुनी रीत अशी, की तोंडावर बोलवत नाही ते प्रार्थनेत बोलायचं.

"प्रभू, यांना समुद्र ओलांडायचं धैर्य दे," पियानोवाल्या बाई म्हणाल्या.

"आणि तिकडे थंडी फार, तेही बघ," शिंपीकाकांनी जोड दिली.

"आमेन!" सगळे गरजले.

मिटल्या डोळ्यांनी पाळकसाहेब ऐकत राहिले. आपल्याला घालवायची एवढी घाई?

रविवारी शिंपीकाका टेप घेऊनच आले. "हात वर करा साहेब. लोकरीचा कोट, मंडळीकडून."

"अहो काका, अजून काही ठरलं नाही..."

"देवाने दार उघडलं, की माणसाने उंबऱ्यात घुटमळू नये."

वाक्य साहेबांच्याच उपदेशातलं. त्यांनी हात वर केले.

कोटामागून बॅग आली, बॅगेमागून निरोपाच्या गाण्याची तालीम सुरू झाली. जो तो दुसऱ्यापेक्षा जास्त हसरा. 'नकोच आहोत तर जातो बापडे,' असं म्हणत साहेबांनी पुस्तकं बांधायला काढली. बायको दोरी धरत राहिली.

शेवटी निरोपाची प्रार्थना आली. भर उकाड्यात कोट घालून पाळकसाहेब गुडघ्यांवर टेकले. पियानोवाल्या बाईंचा आवाज मध्येच चिरकला, शिंपीकाकांना आमेनच म्हणवेना. तेवढ्यात शेजारून बायकोचा आवाज आला.

"प्रभू, तुझ्यापासून काय लपवायचं? मला नाही जायचं. यांनाही नाही जायचं. त्या जवळच्या सेमिनरीच्या बसच्या वेळा झोपेत बडबडतात. आणि या बाकीच्यांनाही यांना पाठवायचं नाहीये. मघापासून नाकं ओढताहेत, ती काय सर्दीने?"



डोळे उघडायचा धीर पाळकसाहेबांना झाला नाही. पण सगळ्यांच्या आधी, सगळ्यांत मोठ्याने "आमेन" म्हणाले ते तेच.