रिलीव्हर पाहिजे

पहिली पाळी

“बाबा, ‘खातं बंद करा’ वर बोट ठेवायचं. झालं!” मुलगी म्हणाली.

“आणि चार्ज कुणाला द्यायचा?”

अप्पा पंपघरातून पाळीप्रमुख म्हणून निवृत्त झालेले. तिथे एकच नियम होता. रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, खुर्चीत बसून ‘चार्ज घेतला’ म्हणत नाही, तोवर आधीच्याने उठायचं नाही. अप्पा कधीच उठले नव्हते. ‘आमच्या पाळीत गावाचा नळ कोरडा पडला नाही,’ हे ते पाहुण्याच्या हातात पाण्याचा पेला देताना सांगत. पाहुण्याला मग पेला पूर्ण प्यावाच लागे.

नोकरीधंद्यातल्या ओळखी जपणाऱ्या साइटवरचं ते खातं आता नुसतं पडून होतं. बंद करायला हरकत नव्हती. पण असंच? खुर्ची सोडून?

मुलगी ऑफिसला गेली आणि अप्पांनी खुर्चीत बसून खात्यावर लिहिलं: ‘जागा रिकामी होत आहे. रिलीव्हर पाहिजे. समक्ष भेटा.’ खाली घरचा पत्ता.

दुसरी पाळी

दुपारी जिन्यात रांग.

“काम काय?” पहिल्या नंबरच्या वेल्डरने विचारलं.

“खातं सांभाळायचं.”

“बँकेतलं?”

“छे, माझं.”

“पगार?”

“पगार नाही. मान आहे.”

“मान आम्हालाही आहे, काका. वेल्डिंग करून दुखते फार.”

आत बायको पेले विसळत होती. “अहो, रांग खालच्या मजल्यावर गेली. सगळ्यांना पाणी मीच देऊ?”

“मी खुर्ची सोडू शकत नाही.”

“हो ना. तुम्ही कधी सोडलीत!”

तेवढ्यात खात्यावरची जाहिरात पाहून ऑफिसातून धावत आलेली मुलगी रांगेतून वाट काढत वर आली. “बाबा! ही माणसं कामाच्या आशेनं आलीत!”

अप्पांचा चेहरा उतरला. हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. ते उठणार, तोच थबकले. माफी मागायला जिन्यात जायचं, तर खुर्ची रिकामी पडते.

बायकोने पदराला हात पुसले, त्यांना कोपराने बाजूला सारलं आणि खुर्चीत बसली.

“चार्ज घेतला. जा.”

अप्पांनी जिना उतरून प्रत्येकाची हात जोडून माफी मागितली. परत आले ते छाती काढूनच. एकही पाळी उघडी पडली नव्हती.

“आता दाब ते बटण,” ते बायकोला म्हणाले.

“दाबते. पण मी इथं आले, तर माझ्या जागेवर कोण?”

तिसरी पाळी

ही कुणीच लावली नव्हती.

“शेगडी नंबर दोन,” बायको खुर्चीतूनच म्हणाली. “दूध तापवायची वेळ झाली. नजर हटली की उतू जातं. लग्नापासून मला रिलीव्हर नाही, आणि अजून एकदाही उतू गेलेलं नाही.”

अप्पांनी दुधाचं पातेलं शेगडीवर चढवलं. एवढा रेकॉर्ड पंपघरातही कुणाचा नव्हता. ते शेगडीपुढे ताठ उभे राहिले.

“चार्ज घेतला.”

बायकोने खातं बंद केलं नाही. मुलीला विचारत विचारत तिने अप्पांची नवी जागा त्यात भरली: ‘शेगडी नंबर दोन. शिकाऊ.’

पहिलं अभिनंदन आलं ते पंपघराच्या आताच्या प्रमुखाचं. एकेकाळी तो अप्पांच्या हाताखाली शिकाऊ होता. मुलीने ते मोठ्याने वाचलं: ‘साहेब, रिलीव्हर आल्याशिवाय हलायचं नाही.’

“हलतोय कोण!” अप्पा दुधावरची नजर न काढता म्हणाले.