भोकं बुजवलेला लघुग्रह

मॅडम कधी बढाई मारत नसत. तीनदा वजन घेतल्याशिवाय त्या एखाद्या वस्तूला "जड" सुद्धा म्हणत नसत. पण त्या सकाळी समितीचे तिघे समोर बसले होते, प्रयोगशाळा चालू ठेवायची की टाळं लावायचं ते ठरवायला. मॅडमचा तोल गेला!

"साधा खडक छर्रा लागला की फुटतो. आमचा लघुग्रह फुटणार नाही! आत सगळी पोकळी आहे. उशीवर बुक्का मारावा तसा छर्रा आत रुतेल. ढप्प! बस्स!"

लघुग्रह म्हणजे प्लास्टर आणि पोकळ काचमण्यांचा, कलिंगडाएवढा गोळा. तीन महिने खपून केलेला, धड जमलेला एकुलता एक. कार्यशाळेतल्या मिस्त्रींनी तो सकाळीच छर्रे झाडणाऱ्या तोफेपुढच्या पोलादी टाकीत बसवला होता. आता ते पहिल्या नंबराने आलेल्या मुलाच्या बापासारखे उभे होते.

मॅडमनी बटण दाबलं.

धडाड्! अध्यक्षांचा चहा थेट त्यांच्या मांडीवर. टाकीत लघुग्रहाचा पार चुरा!

"रुतला वाटतं," अध्यक्ष मांडी पुसत म्हणाले.

मॅडमनी टाकी उघडून एक तुकडा उचलला. जड. चकचकीत. भोक एक नाही.

"मिस्त्री, हे काय?"

"अहो, केवढी भोकं पडली होती! पाहुण्यांपुढे अशी वस्तू ठेवायची? पातळ रेझिन पाजलं. वरवर नाही हां, पंप लावून पार पोटापर्यंत!"

"मला त्या भोकांचाच पगार मिळतो, मिस्त्री!"

"मग तसं सांगायचं ना! मी आपली तुमची अब्रू झाकत होतो!"

अध्यक्षांनी फाईल मिटली. मॅडमना दारावरचं टाळं दिसायला लागलं.

मिस्त्रींनी डोकं खाजवलं. "तुमचा तो पहिला, एका अंगाने फुगलेला गोळा आहे की! टाकाऊ म्हणून त्याला मी हात नाही लावला. दाराला लावलाय, मिटू नये म्हणून."

त्यांनी गोळा उचलला, फुंकर मारून धूळ उडवली आणि टाकीत बसवला. मागे कुठेतरी खट् झालं, पण तिकडे लक्ष कोणाचं? टाकीतली हवा काढायला वीस मिनिटं गेली. मॅडमनी डोळे मिटून बटण दाबलं.

ढप्प!

वाटीएवढा खड्डा. तडा नावाला नाही. अध्यक्ष टाकीच्या काचेला नाक लावून बघतच राहिले. मग त्यांनी फाईल उघडली, सही ठोकली आणि निघाले. दार उघडेना.

"मिस्त्री," मॅडमनी हळूच विचारलं, "दार मिटू का द्यायचं नव्हतं?"

"आतून उघडत नाही ना ते! दुरुस्तीच्या यादीत आहे माझ्या. भोकं बुजवून झाली की तेच घेणार होतो."

मॅडमनी अहवाल नेहमीसारखा अचूक लिहिला: 'आघातानंतर लघुग्रह फुटला नाही. दार फोडावे लागले.'