एका वेळांटीनें कोठार बुडविल्याची हकीकत

श्रीनादब्रह्म समर्थ. वीणा छेडीत त्रिभुवनीं हिंडणारे नारदमुनी यांस दंडवत घालून वर्तमान लिहितों, तें सज्जनीं ऐकावें. शके एकोणीसशें सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरीं, मार्गशीर्षमासीं अमुक एका राज्यीं ऐसें वर्तलें कीं, निरंजनबुवा म्हणोन थोर हरिदास होते, त्यांस अर्धांगवायू होऊन वाचा गेली. परंतु बुवांनीं आधींच आपलीं सर्व आख्यानें दरबारचे डेटाबेसांत ठेवविलीं होतीं. तो डेटाबेस मोठा समजूतदार. एका आख्यानास साकी आहे, दुसऱ्यास नाहीं, तिसऱ्यास नुसतीं पदेंच, तरी सर्वांस एकाच कोठारांत जागा देई, सांचा एक असावा ऐसा हट्ट न धरी. अशा कोठारास दरबारीं कलेक्शन म्हणत आणि याचें नांव 'कीर्तनें', वेळांटी दीर्घ. बुवांची कन्या उमाताई दत्तजयंतीस वडिलांचे जागीं प्रथमच उभी राहणार, तीस अनसूयामातेचें आख्यान तेथूनच मिळावयाचें होतें. दुसरी प्रत ठेवण्याचें काम विसाजीपंतांकडे, म्हणोन ती नव्हतीच.

हे विसाजीपंत कोठाराचे अधिकारी. शेल म्हणोन काळी खिडकी असते, तींत आज्ञा टंकावी आणि ती तत्क्षणीं तामील व्हावी, ऐशी वस्तु सरकारांनीं यांचे हातीं दिली, म्हणजे माकडाचे हातीं कोलीत दिलें. एके दिवशीं पंत उत्सवाची निमंत्रणपत्रिका कोठारांत घालूं गेले आणि नांव टंकिलें 'किर्तनें', वेळांटी ऱ्हस्व. शेलाचा स्वभाव असा कीं, त्या नांवाचें कोठार नसलें तरी हटकीत नाहीं, मुकाट नवें बांधून देतो. मग दुसरे दिवशीं पंतांनीं कोठारांचीं नांवें मागविलीं, तों दोन दिसलीं. पंत आपले मदतनीस बाळोजी, मान डोलावण्यांत निष्णात, त्यांस म्हणाले, "हें काय रे? एका वस्तूचीं दोन कोठारें?"

"एक खोटें असणार, पंत."

"कोणतें?"

"आपण लिहिलें तें खरें. दुसरें खोटें. यांत पुसावयाचें काय?"

"तेंच म्हणतों. बुवालोकांस शुद्धलेखन कुठलें? टाळ कुटून वेळांटी येते होय?"

आंत काय आहे तें पाहण्याची आज्ञा एका ओळीची होती, परंतु पाहणें पंतांस कमीपणाचें वाटलें, आणि दीर्घ वेळांटीच्या कोठारावर त्यांनीं 'ड्रॉप' ही आज्ञा सोडिली. शेलानें 'खात्री आहे काय' म्हणोन पुसलें नाहीं. कोठार आख्यानांसह नाहींसें झालें. मग पसारा आवरिला म्हणोन सरकारांनीं पंतांस शाल पांघरविली.

मग उमाताई आली आणि म्हणाली, "पंतकाका, आख्यान काढून द्या." पंतांनीं शेलाकडे मागितलें तों निमंत्रणपत्रिका निघाली.

"ही पाहा ताई, सरकारांचें नांव कसें ठळक आहे."

"अहो, बाबांचें आख्यान कोठें?"

"तें अशुद्ध होतें, काढिलें."

"काय अशुद्ध होतें त्यांत?"

"वेळांटी."

ताई म्हणाली, "काका, बाबांची वाचा देवानें नेली, त्यास मी एक शब्द बोललें नाहीं. तुम्हांस बोलणार आहें." आणि बोलली. तें सर्व यथायोग्यच होतें, परंतु देवाचें नांव घेणाऱ्या लेखणीस येथें उतरवितां येत नाहीं.

मग दत्तजयंतीस ताईनें पूर्वरंग गोड केला, श्रोते डोलले, बुक्का लागला, आणि पुढें आख्यान नाहीं म्हणोन ती हात जोडून उतरली. बुवा समोर बसले होते. त्यांचे ओठ हलत होते. आख्यान अवघें तेथें होतें, बाहेर यावयास वाट नव्हती. लोकांनीं सरकारांकडे दाद मागितली. सरकारांनीं दोन्ही बाजू ऐकिल्या आणि निवाडा केला कीं, या राज्यीं कीर्तन शब्द ऱ्हस्वच लिहावा, म्हणजे पंत चुकले ऐसें कोणी म्हणणार नाहीं.

तात्पर्य इतकेंच कीं, त्या राज्यीं कोठार एक आहे, नांव एक आहे, पंत सुखी आहेत, आणि ऐकावयास कांहीं नाहीं.