बाबांचं घड्याळ पुढे आहे

नकली घड्याळ मला दुरूनच ओळखू येतं. समोरच्यानं हात पुढे केला न केला तोच मी सांगतो, "काढून ठेवा ते." लग्न म्हणू नका, दवाखाना म्हणू नका, मी माणसाच्या तोंडाआधी मनगट बघतो. त्यामुळे हल्ली मला बोलावणी कमी येतात, हा भाग वेगळा.

जुन्या घड्याळांच्या शौकिनांचं आमचं एक मंडळ आहे. त्यातला नकलीविरुद्धचा नियम मी लिहिला आहे. रेप्लिका म्हणजे दुसऱ्या कंपनीचं नाव आपल्या डायलवर छापून मिरवणारं घड्याळ. ते आणणाऱ्यानं सगळ्यांसमोर कबुली द्यायची आणि मंडळाबाहेर बसायचं. होमेजला मात्र मुभा. ते दिसतं जुन्या नामवंत घड्याळासारखं, पण डायलवर नाव स्वतःचंच लावतं. "होमेज म्हणजे नमस्कार आणि रेप्लिका म्हणजे खिसा कापणं!" असं मी भाषणात म्हणालो, तेव्हा टाळ्या पडल्या होत्या. आमच्या अध्यक्षांनीही वाजवल्या. ते खिशात रुमालाऐवजी भिंग बाळगतात, म्हणून त्यांना सगळे भिंगसाहेब म्हणतात.

एवढी कीर्ती असलेल्या माणसानं पुढे काय केलं, ते आता ऐका.

बाबांचं एक चावीचं घड्याळ होतं. आईनं आपल्या पहिल्या पगारातून त्यांना घेऊन दिलेलं. ते कायम पुढे असायचं. माझं सगळं लहानपण त्या पुढच्या घड्याळावर गेलं. बाबा दारात उभे राहून "उशीर झाला" म्हणायचे आणि आई आरशासमोर केसांत पिन खोचत म्हणायची, "तुमचं घड्याळ पुढे आहे." हे रोज. एकदा घाईघाईत तिनं दार ओढलं, बाबांचा हात कडीत सापडला आणि काचेवर चारच्या आकड्यापाशी ओरखडा उठला. हाताला काय झालं, ते दोघांनीही नंतर पाहिलं.

घर बदलताना ते घड्याळ हरवलं. पुढे आई गेली. त्यानंतर बाबांनी मनगटावर काहीच बांधलं नाही. "मला कुठे जायचंय?" म्हणायचे, आणि खरोखरच कुठे जायचे नाहीत. खिडकीपाशी खुर्ची टाकून बसून असायचे. हाक मारली तर तिसऱ्या हाकेला ओ. मला ते बघवत नव्हतं.

मग मी ठरवलं, बाबांना त्यांचं घड्याळ परत द्यायचं. तसलं अस्सल कुठे मिळेना. शेवटी एक होमेज हाती लागलं. रूप अगदी तेच, फक्त डायलवर नाव भलतंच. बाबांनी वाचलं की खेळ खलास. मी ते घड्याळ दुरुस्त करणाऱ्या काकांकडे नेलं आणि हळूच म्हणालो, हे नाव झिजल्यासारखं पुसून द्या. त्यांनी पुसलं. म्हणालो, काचेवर चारपाशी एक ओरखडा काढा. तोही काढला, पण माझ्याकडे बघत बघत काढला. मग मी शेवटची मागणी सांगितली: घड्याळ रोज थोडं पुढे जायला हवं.

"बिघडवायचंय?" काकांनी विचारलं.

"बिघडवायचं नाही हो. पूर्वी बिघडलेलं होतं, तसं करायचंय."

"जन्म गेला माझा घड्याळं सुधारण्यात," काका म्हणाले. "वर गेल्यावर काय तोंड दाखवू?"

पण केलं. बायकोला हे सगळं कौतुकानं सांगितलं, तर ती भाजी चिरता चिरता म्हणाली, "नाव पुसलंत, ओरखडा काढलात, आता खोटंही सांगणार. मग हा नमस्कार झाला की खिसा कापणं?" मी म्हणालो, माणसाचा हेतू बघावा. ती म्हणाली, चोरही काही हेतू घेऊनच येतो.

जुन्या सामानाच्या दुकानात तुमचं घड्याळ सापडलं, असं मी बाबांना ठोकून दिलं. त्यांनी ते हातात घेतलं. ओरखड्यावरून अंगठा फिरवला, बराच वेळ फिरवत राहिले. कानाला लावलं. दुसऱ्या दिवशी दाढी करून, बुटांना पॉलिश करून दारात उभे! "चल, उशीर झाला." कुठे जायचंय ते ठरलेलं नव्हतं, तरी मला गहिवरून आलं.

तो गहिवर फार दिवस टिकला नाही. बाबांचं घड्याळ रोज आणखी आणखी पुढे जाऊ लागलं. भिंतीवरचं घड्याळ, मोबाइल, टीव्हीवरच्या बातम्या, सगळं जग मागे पडलंय असं बाबा ठामपणे सांगायचे. ते न्हाव्याचं शटर वाजवून त्याला झोपेतून उठवायचे. रात्रीचं जेवण आम्ही लख्ख उजेडात जेवू लागलो. बायकोला त्यांनी इतक्या लवकर ऑफिसला पिटाळलं, की कुलूप उघडेपर्यंत ती पहारेकऱ्याच्या स्टुलावर बसून होती. मी काकांना जाब विचारायला गेलो, तर ते म्हणाले, तुम्ही सांगितलंत तेवढंच बिघडवलंय, हौसेनं जास्त केलेलं नाही.

पण बाबांना काय सांगणार? ते दोन वेळा पोटभर जेवत होते, न्हाव्याशी भांडत होते, जिन्यात शेजाऱ्यांना गाठून गप्पा मारत होते. खरं सांगितलं असतं, तर खिडकीपाशी खुर्ची वाट बघतच होती.

अशात बागेत फिरताना बाबांना भिंगसाहेब भेटले. बाबांनी मनगट पुढे करून हरवलेल्या घड्याळाची कहाणी सांगितली. संध्याकाळी भिंगसाहेबांचा मला फोन, की असं घड्याळ आपल्या वार्षिक मेळाव्यात आलंच पाहिजे. मी बेत केला: मुद्दाम उशिरा पोचायचं. सगळे चहाला उठलेले असतील, त्या गर्दीत बाबांना हात वर करायला लावायचा, टाळ्या घ्यायच्या आणि घर गाठायचं. भिंगसाहेबांना भिंग काढायला सवडच द्यायची नाही.

पण बाबांनी मला अंगावरच्या साबणासकट बाहेर काढलं. "उशीर झाला" म्हणत टॅक्सीत कोंबलं. पोचलो तर सभागृहात चिटपाखरू नाही. एकटे भिंगसाहेब खुर्च्या मांडत होते. त्यांना सवडच सवड होती.

"या, या. निवांत बघता येईल," म्हणत त्यांनी भिंग डोळ्याला लावलं. मी छताच्या पंख्याकडे बघू लागलो.

"नाव घासून काढलंय," भिंगसाहेब आवाज खाली आणून मला म्हणाले. "ओरखडाही ताजा आहे. नाव ठेवलं असतं तर होमेज म्हणालो असतो. आता काय म्हणू? नियम तुमचाच आहे."

"मला माहीत आहे," बाबा म्हणाले.

आम्ही दोघंही वळलो.

"माझं घड्याळ चोख होतं," बाबा मला म्हणाले. "रात्री चावी देताना मी ते हातानं पुढे करायचो. तुझ्या आईसाठी. आणि सकाळी मी आंघोळीला गेलो की ती गुपचूप मागे करायची. मला कळत नाही, असं तिला वाटायचं." त्यांनी घड्याळावर बोट ठेवलं. "हे मी पहिल्या रात्री रेडिओबरोबर लावून झोपलो, तर सकाळी आपलं आपणच पुढे."

"मग इतकं धावत का सुटलं?"

"थोडं तू पळवलंस. वर मी रोज रात्री पुढे करतोच, सवय आहे हाताला. मागे करणारं कुणी नाही ना आता."

मी विचारलं, मग पहिल्याच दिवशी मला झापलं का नाही?

"ओरखडा बरोबर जागेवर होता," बाबा म्हणाले. "तुला आठवत होता. मला वाटायचं, मी एकटाच आठवत बसलोय."

भिंगसाहेब खिशात रुमाल शोधू लागले, पण तो नव्हताच. तरी नियम तो नियम. मेळाव्यात मी उभं राहून कबुली दिली आणि मंडळाबाहेर झालो. माझ्या रिकाम्या जागी त्यांनी त्याच बैठकीत बाबांना सदस्य करून घेतलं. एकमतानं!

काकांनी घड्याळ पुन्हा चोख करून दिलं, तेव्हा त्यांच्या जिवात जीव आला. बाबा रात्री ते पुढे करतात. सकाळी ते आंघोळीला गेले, की मी गुपचूप मागे करतो. आईची ही नक्कल नमस्कारात बसते की खिसा कापण्यात, ते मी मंडळाला विचारलेलं नाही.

परवा मला परत घ्यायचं की नाही, यावर सभा होती. बाबा दारात उभे, "उशीर झाला." मी म्हणालो, "तुमचं घड्याळ पुढे आहे, बाबा," आणि सावकाश बुटाची नाडी बांधली. मोबाइल बघता आला असता, पण बाबांसमोर दुसरं घड्याळ बघणं आमच्या घरात आता अपमान समजला जातो. पोचलो तर भिंगसाहेब खुर्च्या उचलत होते. सभा आटोपली होती, आणि मी आलोच नाही म्हणून माझा विषय पुढच्या वर्षावर ढकलला होता.

घरी येऊन चौकशी केली, तेव्हा बायको म्हणाली, "अहो, हल्ली मीही मागे करते ना रोज. तुम्ही विसराल म्हणून."

मी कपाळावर हात मारून घेतला. बाबा मात्र घड्याळाला चावी देत बसले होते, चेहरा खुललेला.

"किती वर्षांनी उशीर झाला रे," ते म्हणाले.