हमीद सरांचा नागमोडी कागद

मी साठीची होते तेव्हा, म्हणजे अगदीच पोरसवदा आणि अकलेनं कच्ची, मी एका धडधाकट माणसाला हृदयविकार लावला.

माणूस म्हणजे आमच्या लातूरच्या गल्लीतले हमीद सर. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेले. निवृत्तीनंतर लोक गुडघे धरून बसतात, सरांनी तारकागुच्छ धरले. आकाशात लाखो जुन्या ताऱ्यांचे घट्ट पुंजके असतात. मोठ्या दुर्बिणींनी टिपलेला त्यांचा प्रकाश इंटरनेटवर मिळतो. त्यातून कुठल्या ताऱ्यात लोखंड किती, मॅग्नेशियम किती, हे सर शोधून काढायचे. लोखंड कमी, तर तारा म्हातारा. रसायनच निराळं, तर गुच्छ आपल्या आकाशगंगेत जन्मलेला नाही, बाहेरून आलेला.

हीच नजर ताटावरही. माझ्या वरणाचा एक भुरका मारून म्हणाले, "भाभी, माहेर देगलूरकडचं ना?" चाळीस वर्षं मी लातूरची म्हणून मिरवत आले होते!

"कोण बोललं तुम्हाला?"

"चिंच बोलली. रसायन झूट बोलत न्हाई."

सरांचं दार कायम अर्धं उघडं. बेगम गेल्यापासून. विचारलं की म्हणायचे, "हवा येते." एका दुपारी लोणचं द्यायला गेले, तर सर खुर्चीत डोळे मिटून पडलेले, छातीवर लांबलचक कागद आणि त्यावर खालीवर उड्या मारणारी रेघ. असला कागद मी आमच्या ह्यांच्या वेळी दवाखान्यात पाहिला होता. सरांना एक हाक मारावी, एवढंही सुचलं नाही. थेट गल्लीत धावले.

दहा मिनिटांत शेळकेकाकू नारळपाणी घेऊन, मेडिकलवाला बीपीचं यंत्र घेऊन, दारात रिक्षा. गलक्यानं सर दचकून उठले.

"कोण गेलं?"

"अजून कुणी न्हाई," मेडिकलवाला म्हणाला.

सरांनी कागद पाहिला, मग माझं तोंड पाहिलं, आणि हसत सुटले. "अहो, ही ताऱ्याच्या उजेडाची रेघ हाय! हा खड्डा लोखंडाचा. लई बारीक, म्हणजे वय बाराशे कोटी वर्षं."

"मग तर दाखवाच डॉक्टरला," शेळकेकाकू म्हणाल्या.

पण उठलं कुणीच नाही. सर सांगत राहिले. चहाचे ग्लास संपले तेव्हा लोकांनी वाट्यांतून चहा प्यायला. "गुच्छातले तारे सगळे एकदमच जन्मले," सर म्हणाले, "थोडे निसटले. बाकी लाखोजण अजून एकाच घरात." सरांचा मुलगा दुबईला, मुलगी पुण्याला. आम्ही सगळे वाट्यांत बघत बसलो.

सगळे गेल्यावर मी ग्लास विसळत म्हणाले, "सर, चुकलं माझं. पुन्हा असं व्हायचं नाही."

सर कागदाची घडी घालत होते. म्हणाले, "असं नका म्हणू, भाभी. अजून अकरा गुच्छांचे कागद हायत माझ्यापाशी."