पेटीतले बूट

बूट लपवायला शारशेनच्या घरात जागा नव्हती असं नाही. पण तळघरात त्याची बायको उल्कान दिवसातून दोनदा बटाट्यांसाठी उतरायची, गोठ्यातली गाय पुठ्ठ्यासकट काहीही खायची आणि कपाटाचं दार उघडलं की अख्ख्या गल्लीला ऐकू जायचं. शेवटी त्याने ते खोकं बैठकीतल्या मोठ्या पेटीत ठेवलं. गोधड्यांची चळत जिच्यावर रचलेली असते ती पेटी. तिच्यात सगळं सामान नवं, न वापरलेलं आणि वेष्टनातलं असायचं. त्यात आणखी एक नवं खोकं कुणाच्या डोळ्यांवर येणार नाही, असा त्याचा विचार होता.

विचार बरोबर होता. ते कुणाच्याच डोळ्यांवर आलं नाही, आणि पुढचं सगळं त्यामुळेच झालं.

शारशेन हा आमच्या शाळेतला भूगोलाचा मास्तर. निवृत्त झाल्यावर त्याला धावण्याचं वेड लागलं. आमच्या कराकोल शहरातल्या जुन्या घोडामैदानावर रोज सकाळी सात-आठ पेन्शनर जमतात. पूर्वी तिथे घोडे धावायचे आणि आम्ही पोरं कुंपणावर बसून बघायचो. आता हे लोक धावतात आणि कुंपण रिकामं असतं. अर्धा तास धावायचं आणि मग आश्लानफूच्या गाडीवर थंड, आंबट शेवयांचा वाडगा हातात घेऊन दीड तास त्याविषयी बोलायचं, असा त्यांचा नेम. कुणाची टाच दुखते, कुणाचा गुडघा वाजतो, कुणाचे बूट किती किलोमीटर चालले, सगळं तिथे निघतं.

या दीड तासात शारशेनला कुणी मागे टाकू शकत नसे. धावण्याचं मात्र निराळं होतं. तलावाकाठच्या गेल्या वर्षीच्या शर्यतीत त्याच्या मागे फक्त रुग्णवाहिका होती.

"प्रगती बघा," तो सांगायचा. "त्याच्या आदल्या वर्षी ती माझ्या पुढे होती."

बुटांचा सल्ला त्याला कुणी विचारावा लागत नसे. नवे बूट आले त्या दिवशी त्याने ते पिशवीतून मैदानावर नेले आणि गेन्नादी इलिचला दाखवले. गेन्नादी इलिच म्हणजे शाळेचा जुना कवायतीचा मास्तर, गळ्यात अजून स्टॉपवॉच घालून फिरणारा. बुटांचा रंग पिकल्या जर्दाळूचा होता, तळव्यात कार्बनची पट्टी, आणि किंमत उल्कानला सांगण्यासारखी नव्हती.

"दीड माप मोठे घेतलेस," गेन्नादी इलिच म्हणाला.

"लांब धावलं की पाय फुगतो."

"तू लांब नाही धावत, शारशेन. तू उशिरापर्यंत धावतोस."

"या वेळी लांब नाहीच धावायचंय. दीडशे पावलं. पण पहिलं यायचंय."

आता हे दीडशे पावलांचं प्रकरण सांगायला हवं. शारशेनचा नातू बायामान तेरा महिन्यांचा झाला होता, धरून धरून चालत होता, म्हणजे त्याचं तुशू करायची वेळ आली होती. तुशू म्हणजे घोड्याच्या पायातला पायबंद. पोराला पांढऱ्या लोकरी घोंगडीवर उभं करायचं, काळ्या-पांढऱ्या दोऱ्याने त्याचे पाय बांधायचे आणि लांबून शर्यत सोडायची. जो पहिला येईल त्याने सुरीने तो दोरा कापायचा. मग पोर सुटतं, आणि ज्याने कापलं त्याच्या वळणावर जातं.

शारशेनचं स्वतःचं तुशू आमच्यातल्या म्हाताऱ्यांना अजून आठवतं. त्या वर्षी गवताची कापणी लवकर निघाली होती. पळणारी पोरं सगळी कुरणावर गेलेली. मागे उरली होती त्याची झुराकान आत्या. तिला म्हणाले, तू तरी धाव. ती चुलीवरून उठली, पिठाचे हात पुसले, वाटेत एकीशी दोन शब्द बोलली आणि चालत येऊन पहिली आली. दुसरं कुणी नव्हतंच. झुराकान आत्या आयुष्यात कुठेही वेळेवर पोचली नाही, स्वतःच्या लग्नालासुद्धा. शारशेनही शाळेत घंटा झाल्यावर यायचा, आणि मास्तर झाला तरी घंटा झाल्यावरच यायचा. तो हे हसत सांगायचा, पण आतून त्याला ते खरं वाटायचं. बायामानच्या पायातला दोरा धावणाऱ्या माणसाच्या हातूनच कापला गेला पाहिजे, आणि घरात धावणारा माणूस एकच होता.

"बाबा, तुशूला पोरं धावतात ना?" मुलगा उलान म्हणाला.

"पोरं नंतर धावतील, त्यांना गोळ्या-चॉकलेटं देऊ. दोरा आजी-आजोबांपैकी जो पहिला येईल तो कापेल. दोन्हीकडचे धरून. म्हणजे कुणाला वाईट वाटायला नको."

नियम फार उदार दिसत होता. उल्कानला त्या दिवशी मटणाच्या कढईपासून हलता येणार नव्हतं. विहीणबाईंचा गुडघा गेली चार वर्षं बांधलेला होता. आणि व्याही दोरोनबेक तीस वर्षं नारिनच्या घाटात ट्रक चालवून, बसल्या बसल्या रुंद झालेला माणूस. दारातून अंगणात जायचं तरी तो आधी खुर्ची कुठे आहे ते बघायचा.

तुशूच्या दिवशी व्याहीमंडळी सकाळीच आली. उजेड आहे तोवर घाट उतरायचा म्हणून आहेर जेवणाआधी चहालाच करायचं ठरलं. उल्कानने पेटी उघडली. व्याह्यांसाठी तिने मखमली अंगरखा आणि उंच फेल्टची टोपी पेटीतच वर काढून ठेवली होती. ती उचलताना खाली खोकं दिसलं. नवं, वेष्टनातलं, पेटीतलं. सासऱ्यासाठी उलानने आणून ठेवलं असणार, असं समजून तिने तेही वर घेतलं.

अंगरखा दोरोनबेकच्या खांद्यांवर चढला, टोपी डोक्यावर बसली आणि खोकं मांडीवर आलं. त्याने झाकण उचललं. खोलीत जर्दाळूचा रंग पसरला.

शारशेनचा चहा चुकीच्या वाटेने गेला. सून मीरिम धावत येऊन त्याच्या पाठीवर थोपटू लागली. गेन्नादी इलिचने बुटांकडे पाहिलं, शारशेनकडे पाहिलं आणि बोरसोकचा तळलेला पिठाचा गोळा तोंडात घातला.

दोरोनबेकने बुटाच्या तळव्यावरून अंगठा फिरवला. मग हळूच म्हणाला, "आजवर जो तो मला अंगरखाच देतो. घरी अकरा अंगरखे आहेत. पायांचा विचार कुणी केला नव्हता." त्याने एक बूट चढवून पाहिला. "आणि माप बघा. मास्तर, माप कसं कळलं तुम्हाला?"

"अंदाज," शारशेन म्हणाला. त्याचा आवाज अजून चहातच होता.

आमच्याकडे दिलेला आहेर परत मागत नाहीत. तो चुकून दिला असं म्हणणं तर मागण्याहून वाईट. आणि शारशेनने तसं म्हटलंच असतं, तर उल्कानने सगळ्यांसमोर पहिला प्रश्न विचारला असता, की तुमचे बूट माझ्या पेटीत काय करत होते. तो सांडलेला चहा पुसू लागला.

"मास्तर, मी हेच घालून धावणार," दोरोनबेक म्हणाला. "तुमचा मान आहे. पण ही वरची दोन जादा भोकं कशाला?"

शारशेनने खिडकीबाहेर पाहिलं. "राहू द्या ती. काही कामाची नसतात."

एवढं म्हणून तो थांबला. पण आठ वर्षांची सवय. अर्ध्या मिनिटात त्याच्या मानेची शीर उभी राहिली.

"म्हणजे, त्यातून नाडी आडवी घेतली की टाच आत हलत नाही," तो म्हणाला. "तशी नाही. थांबा." आणि गुडघ्यांवर बसून त्याने स्वतःच्या हाताने व्याह्यांच्या नाड्या बांधल्या. मग पावलं छोटी टाकायची हे सांगितलं, हात कुठे ठेवायचे ते सांगितलं.

"पुढे झुका. कमरेतून नाही, घोट्यातून."

"असं?"

"असं तर तुम्ही पडाल. हे बघा, असं."

"अहो, किती शिकवाल त्यांना," दारातून उल्कान म्हणाली. "ते जिंकायचे हं."

त्याचे स्वतःचे जुने बूट डोंगरावर मेंढ्यांकडे जाणाऱ्या पुतण्याला देऊन आठवडा झाला होता. दारात चपला-बुटांचा ढीग पडला होता. त्यात त्याचे चामडी बूट होते आणि गोठ्यात घालायचे रबरी गालोश होते. शारशेनने दोन्ही हातांत घेऊन वाकवून पाहिले. चामडी बुटांची टाच कडक असते, पोटऱ्या धरतात. गालोश निदान लवचीक. सगळा शास्त्रीय विचार करून तो गालोश घालून बागेच्या टोकाला गेला.

सफरचंदांच्या झाडांखाली दोघे उभे राहिले. एक मखमली अंगरख्यात आणि जर्दाळू बुटांत, दुसरा शर्यतीच्या छापील बनियनमध्ये आणि गालोशांत. पलीकडे अंगणात बायामान घोंगडीवर उभा होता. मीरिमने त्याला काखांतून धरलं होतं आणि तो पायातला दोरा चाखायला वाकत होता.

गेन्नादी इलिचने रुमाल खाली आणला.

घाटात ब्रेक सुटलेला ट्रक जसा निघतो, तसा दोरोनबेक निघाला. अंगरख्याचे पंखे झाले. पाऊल पडलं की कार्बनची पट्टी त्याला पुढे ढकलायची, आणि पुढे पडलेलं पाऊल आणखी पुढे. तो घोट्यातून झुकला होता, पावलं छोटी होती, हात जागच्या जागी होते. इतका सुंदर शिष्य शारशेनला कधी मिळाला नव्हता.

शारशेनने मात्र दम राखून ठेवला. पहिला एक तृतीयांश भाग सावकाश काढायचा, हे तो घोडामैदानावर सगळ्यांना सांगत आला होता. इथे तो भाग म्हणजे पन्नास पावलं. तो संपेपर्यंत व्याही अंगणातल्या चहाच्या समोवारपाशी दिसू लागले होते. मग त्याने राखलेला सगळा दम सोडला, तेव्हा डावा गालोश उडून पाटाच्या पाण्यात पडला आणि बागेतून वाहत गेला.

सगळं काही शिकवलं होतं, थांबायचं कसं तेवढं राहिलं होतं. दोरोनबेक घोंगडीवरून गेला, पोराला वळसा घालून गेला, समोवार चुकवला आणि विहीणबाईंसाठी रचलेल्या गोधड्यांच्या गादीत जाऊन तोंडघशी थांबला. विहीणबाईंनी गुडघा बांधलेला पाय वेळेत उचलला. इतक्या चपळाईने, की मग चार वर्षं त्याबद्दल बोलणं झालं.

शारशेन एका गालोशावर येऊन घोंगडीपाशी उभा राहिला.

"पहिला दोरोनबेक," गेन्नादी इलिच स्टॉपवॉच बघत म्हणाला. "सतरा सेकंदांनी."

उलानने सुरी व्याह्यांपुढे धरली. शारशेन पोराच्या पायांकडे बघत होता. त्याला बहुतेक झुराकान आत्या दिसत असावी, पिठाचे हात पुसत येणारी.

दोरोनबेकने टोपी सरळ केली. सुरी घेतली नाही.

"तीस वर्षं रस्त्यावर काढली," तो म्हणाला. "खोटं बोलून पुढे गेलो नाही कधी. मी कसला पहिला येतो. मला या बुटांनी आणलं. ज्याने हे बूट दिले, तो पहिला. त्यानेच कापावं."

गेन्नादी इलिचने शारशेनकडे पाहिलं, आणि त्याच्या हातातला बोरसोक वाटेतच थांबला.

शारशेनने तोंड उघडलं. बूट मी आणले, एवढं म्हणायचं होतं. मग सुरी त्याची, दोरा त्याचा, नातू धावणारा. आणि मग बुटांची किंमत, पेटी, लपवाछपवी, आणि आयुष्यात पहिल्यांदा पायांचा विचार कुणीतरी केला म्हणून अजून धापा टाकत हसणारा हा माणूस, ज्याला कळणार की त्याच्या पायांचा विचार कुणी केलाच नव्हता. शारशेनने व्याह्यांकडे पाहिलं. तोंड मिटलं.

"बूट उल्कानने दिले," तो म्हणाला. "तिच्याच हातचा आहेर आहे."

उल्कान कढईवरून आली. ओल्या हातांनी तिने सुरी घेतली आणि नवऱ्याजवळून जाताना त्यालाच ऐकू जाईल असं म्हणाली, "चहा नाकात गेला तेव्हाच कळलं मला. बत्तीस वर्षं संसार करताय. माझ्या पेटीत ठेवलेलं ते आहेराचं, एवढं कळायला हवं."

"माझ्या पायांचं माप दीड कमी आहे," तो पुटपुटला.

"म्हणून तर वाटलं, हे तुमचे नसतील."

ती वाकली आणि एका झटक्यात दोरा कापला.

बायामान क्षणभर आपल्या पायांकडे बघत राहिला. मग मीरिमच्या हातांतून निसटला आणि कुणाचंही बोट न धरता निघाला. पाच पावलं, सहा, सात. तो सरळ आजोबांपाशी आला. शारशेनने दोन्ही हात पसरले. पोर त्या हातांखालून खाली बसलं, आजोबांच्या पायातला उरलेला गालोश ओढून काढला, छातीशी धरला आणि पुन्हा उठून, डुलत डुलत, व्याह्यांच्या मांडीवर नेऊन ठेवला.

दोरोनबेकने गालोश दोन्ही हातांनी घेतला आणि कपाळाला लावला. आहेर होता. नाही म्हणता येत नव्हतं.

"आजीच्या वळणावर गेलं," विहीणबाई म्हणाल्या.

शारशेन दोन्ही पायांत नुसते मोजे घालून उभा होता. तो बराच वेळ नातवाच्या चालीकडे बघत राहिला.

"टाच आधी टेकतो," शेवटी तो गेन्नादी इलिचला म्हणाला. "पण सुधारता येईल."