वझलवार काकांचा चीड

चिडाच्या, म्हणजे पाइनच्या, झाडाला कुणी बुडाशी पाणी घातलं, की आमचे शेजारी वझलवार काका बनियनवरच धावत येत. "अहो ताई, त्याला पाणी पाजून राहिल्या का त्याचे पाय धुऊन राहिल्या?"

भोपाळच्या टाउनशिपमध्ये आमची क्वार्टर्स एकमेकांना लागून. काका कारखान्याच्या पंपहाउसमध्ये फोरमन. बायको-मुलं शिक्षणासाठी नागपूरला. चीड त्यांच्या अंगणातला, पण फांद्या थेट माझ्या फाटकावर. "पाणी पिणारी मुळं फांद्यांच्या टोकाखाली असतात," काका सांगत. म्हणजे माझ्या फाटकातच! उन्हाळ्यात दर पंधरवड्याला त्यांचा पाइप तिथे येऊन पडे आणि दिवसभर बारीक धार चालू. "रोज घोटभर नाही, एकदाच पोटभर!" मी चपला हातात घेऊन ऑफिसला निघे.

एका एप्रिलमध्ये झाड पिवळं दिसू लागलं. खाली सुईसारख्या पानांची गादीच झाली. कुणीतरी तक्रार केली, आणि टाउनशिपचे सुपरवायझर तिवारीजी करवत घेतलेली दोन माणसं घेऊन हजर झाले.

"सूख गया है. काटना पड़ेगा."

"सूखा नहीं, साहब! पुराने कपड़े उतार रहा है!" काका बुंध्याला पाठ लावून उभे राहिले. "अंदर की सुई तो हर साल गिरती है. टोक देखो, टोक! टोक हरा है!"

'टोक' म्हणजे काय ते तिवारीजींना कळेना. काकांनी बोट वर केलं. तिवारीजींनी मान इतकी मागे टाकली की टोपी पडली. "हाँ, हरा तो है," म्हणत ते करवतीसकट परत गेले.

मी टाळ्या वाजवल्या. काका मात्र पायरीवर बसले.

"ताई, टोकं खरंच हिरवी आहेत ना?"

"तुम्हीच तर आत्ता दाखवलीत!"

"अंदाजानं हो. दिवाळीपासून मला इतक्या वरचं दिसूनच नाही राहिलं. घरी सांगितलं तर पोरांची शाळा सोडून धावत येतील सगळे."

मी एकेक फांदी बघून सांगत गेले. ही हिरवी. हीसुद्धा. वर कोवळे कोंबही आहेत. काका मान डोलावत राहिले.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि त्यांना स्कूटरवर मागे बसवून हबीबगंजच्या डॉक्टरांकडे नेलं. मोतीबिंदू निघाला.

"ऑपरेशन के दिन साथ में कौन रहेगा? घर का कोई है?" डॉक्टरांनी विचारलं.

काका थोडा वेळ चष्मा पुसत राहिले. मग माझ्याकडे न बघताच माझ्याकडे बोट केलं.

"है ना. ये बैठी है."